नीलम होणे

मानवतच्या मैदानावर माझं नाव शिवीसारखं वापरतात हे मला नऊ वर्षांनी कळलं, तेही एका पोरीनं बोलता बोलता सांगितलं म्हणून. नाहीतर त्या मैदानाच्या कडेनं मी स्कूटीवरून जात-येत राहिले असते आणि मला काही पत्ता लागला नसता.

पोरीचं नाव निकिता. पालमची. पोलीस भरतीच्या तयारीसाठी मानवतला आत्याकडे राहिलेली. आधी सहा महिने ती महारुद्र सरांच्या अकॅडमीत होती, मग माझ्या हॉलवर आली. माझा हॉल मोंढ्याच्या, म्हणजे धान्य-कापसाच्या बाजाराच्या, मागे आहे. खाली सरकीचं गोदाम, वर मी. शारीरिक शिक्षणात मी एम.पी.एड. केलंय, दुखापतीनंतरच्या व्यायामाचा एक वर्षाचा कोर्स केलाय. सकाळ-संध्याकाळ मिळून पस्तीस पोरं-पोरी माझ्याकडे येतात आणि सगळी मला नुसतं मॅडम म्हणतात. पाटीवर 'एन. एस. वाव्हळे' एवढंच आहे.

पहिल्या दिवशी मी निकिताला पाय ताणायला बसवलं. पाय सरळ, हात पुढे. हात नडगीपर्यंतच पोचले, गुडघे वर आले. तिनं दात आवळले आणि म्हणाली, "बसा मॅडम पाठीवर. मी नीलम होणार न्हाई."

"काय होणार नाहीस?"

"नीलम. म्हंजी रडून पळून जाणं. तिथं तसंच म्हणतेत. कोण रडलं का पोरं वरडतेत, नीलम झाली, नीलम झाली. सर बी म्हणतेत."

"कोण ही नीलम?"

"काय म्हाईत. हुती म्हणे कोणीतरी, लय आधी. नाटकी हुती म्हणे."

मी तिला उठवलं, पाणी प्यायला पाठवलं आणि खिडकीशी जाऊन उभी राहिले. ती नीलम मी आहे.

तेव्हा मी वीस वर्षांची होते. आठशे मीटर मी दोन मिनिटं चाळीस सेकंदांत मारायची आणि परभणीच्या भरतीला बारा दिवस उरले होते. महारुद्र सरांचं एक ठाम मत होतं : पोरींची मांडीमागची शीर आखडलेली असते, झटके देऊन ती सोडवावी लागते. आमच्याकडे जे लांब असतं आणि दुखतं ते सगळं शीर. खरं म्हणजे तिथं शीर-बीर काही नाही, तीन लांब स्नायू आहेत, बसायच्या हाडापासून गुडघ्याच्या खालपर्यंत गेलेले. ते झटक्यानं ताणले की आधी स्वतःला वाचवायला आखडतात. तरीही ताणत राहिलं तर फाटतात. पण सरांच्या मते 'कट्' असा आवाज आला की शीर सुटली. त्या आवाजाची सगळं मैदान वाट बघायचं.

थंडीची सकाळ होती. सरांनी मला बसवलं, पाठीवर गुडघा दिला आणि झटके सुरू केले. मी म्हटलं, सर नको, आतून जळजळ व्हायलीय. त्यावर ते अख्खेच बसले. आवाज आला. "सुटली!" सर ओरडले. "ऊठ, फेरी मार." मी चाळीस पावलं पळाले असेन. मग खाली पडले, ती मला उठताच येईना. मी मोठमोठ्यानं रडले, हेही खरं. त्या वेदनेला कुणीही रडेल.

भरती गेली. पुढच्या वर्षीची पण गेली, कारण धावताना झालेली इजा लवकर भरते आणि ताणून झालेली महिनोन्महिने छळते. हे मला नंतर पुस्तकात वाचायला मिळालं, तेव्हा कुणी सांगितलं नाही.

पण खरी आग वेगळीच आहे. माझे वडील सिद्धोधन वाव्हळे सोनपेठला शाळेत शिपाई होते. ते सरांना भेटायला मानवतला आले. सर त्यांना म्हणाले, "शीर सुटली हुती. तुमच्या पोरीत जिगर न्हाई, तिनं नाटक केलं." वडील घरी आले, माझ्या खाटेजवळ बसले आणि हळूच म्हणाले, "खरंच दुखतंय का गं?" माझ्या वडिलांनी आयुष्यात एकदाच माझ्यावर शंका घेतली, ती त्या माणसामुळे.

एवढं मी गिळलं होतं. शिकले, हॉल काढला, मोडलेली पोरं दुरुस्त करत बसले. पण माझ्या नावाचा शब्द करून तो माणूस नऊ वर्षं पोरांच्या तोंडी देतोय, हे कळल्यावर माझ्या डोक्यात एकच गोष्ट बसली. मला त्याच्या तोंडून, त्याच मैदानावर, सगळ्यांसमोर आणि माझ्या वडिलांसमोर एक वाक्य हवं होतं : नीलम खोटं बोलत नव्हती.

सरळ जाऊन मागितलं असतं तर तो हसला असता. म्हणून मी व्यंकटरावांकडे गेले. ते निवृत्त क्रीडाशिक्षक, सत्तरीचे. तालुक्यात त्यांचा शब्द कुणी खाली पडू देत नाही. मी त्यांना म्हटलं, आपण एकदा नीट तपासून बघू. तीस मुलं, दहा-दहाचे तीन गट, तीन पद्धती, सहा आठवडे. आधी मोजू, नंतर मोजू. त्यांना कल्पना आवडली. निघताना मी पायरीवर थांबून म्हटलं, "महारुद्र सर मात्र घाबरतील बहुतेक. नकोच विचारायला."

मानवतमध्ये असल्या वाक्याला मैदानापर्यंत पोचायला एक चहा लागतो. संध्याकाळी महारुद्र सर माझा जिना चढून वर आले. बावन्नचे झाले होते, पोट जरा सुटलं होतं, गळ्यात तीच शिट्टी.

"कोण घाबरतंय?" ते म्हणाले. "आं? तीन पोलीस उपनिरीक्षक माझ्या हाताखालून गेलेत. तुमी कुठल्या मॅडम?"

"सोनपेठची."

"बरं." एवढंच. त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं आणि ओळखलं नाही. नाव रोज तोंडात आणि चेहरा लक्षात नाही. तोवर मनात थोडीफार दयामाया राहिली असेल तर ती त्या क्षणी संपली.

मी अट घातली. ज्याची पद्धत मागं पडेल त्यानं निकालाच्या दिवशी मैदानावर उभं राहायचं आणि आपल्या पद्धतीनं ज्याचं नुकसान झालं त्याचं नाव घेऊन चूक कबूल करायची.

"माझ्या पद्धतीनं कुणाचं नुकसान झालंय?" सर हसले. "मंजूर. लिहून घ्या पाहिजे तर."

गावातल्या सुताराकडून मी मोजायची पेटी करून घेतली. लाकडी खोकं आणि वर पट्टी. समोर पाय सरळ करून बसायचं, तळवे खोक्याला टेकवायचे आणि दोन्ही हात पट्टीवरून पुढे सरकवायचे. जिथं बोटं दोन सेकंद थांबतील तो आकडा. गुडघा उचलला की बाद. यात जिगर मोजत नाहीत, सेंटिमीटर मोजतात.

पहिला गट सरांचा, झटक्यांचा. दुसरा व्यंकटरावांनी स्वतः घेतला. त्यात अर्धा मिनिट ताण धरून ठेवायचा, सोडायचा, असं चार वेळा. तिसरा माझा. त्याला आम्ही 'दाब-सोड' म्हणायचो. पोरीनं पाठीवर झोपायचं, मी तिचा पाय सरळ वर उचलून टाच माझ्या खांद्यावर घ्यायची. आधी तिनं सहा आकडे मोजेपर्यंत टाचेनं माझा खांदा खाली दाबायचा आणि मग एकदम सोडून द्यायचं. दाबून थकलेला स्नायू त्या घडीला ढिला पडतो आणि पाय वर येतो, मला ओढावा लागत नाही. आणि तिन्ही गटांना व्यंकटरावांनी एक नियम लावला : ताण घ्यायच्या आधी मैदानाच्या दोन फेऱ्या. थंड अंगानं कुणी बसायचं नाही. हा नियम रोज ओरडून सांगायचं काम माझं होतं.

दाब-सोडीला ताकद लागत नाही, पण भरवसा लागतो. समोरचा माणूस जास्त ओढणार नाही अशी खात्री असल्याशिवाय अंग सोडतच नाही. निकिताचं तेच व्हायचं. दाबायची छान, पण 'सोड' म्हटलं की मांडी आणखी कडक. सहा महिने पाठीवर बसून घेतलेली पोरगी ती. मी तिला रोज सांगायची, "तू थांब म्हणालीस की मी थांबणार. तू पूर्ण बोलायच्या आधी थांबणार." अकरा दिवस काही झालं नाही. बाराव्या दिवशी ती सोड म्हटल्यावर खरंच सोडून बसली, पाय एकदम वीतभर वर आला आणि ती स्वतःच दचकून हसली. त्या दिवशी मी खूश होते, पण पूर्ण खरं सांगायचं तर तिच्यासाठी अर्धीच. उरलेली अर्धी खुशी महारुद्रच्या नावावर होती.

निकालाचा दिवस डिसेंबरातला रविवार. सकाळचे पावणेसात, बोलताना तोंडातून वाफ निघत होती. साठ-सत्तर माणसं जमली होती, पोरांचे आई-बाप आणि अकॅडमीची सगळी पोरं. मी वडिलांना सोनपेठहून पहिल्या एसटीनं बोलावलं होतं. ते मफलर गुंडाळून बाकड्यावर बसले होते. कशासाठी बोलावलंय ते मी सांगितलं नव्हतं.

मोजणी झाली आणि व्यंकटरावांनी कागद वाचला. धरून ठेवणाऱ्या गटाची वाढ सरासरी पाच सेंटिमीटरला थोडी कमी. दाब-सोडीची सहाच्या वर. झटक्यांच्या गटातली दोन पोरं मांडी धरून मध्येच घरी बसली होती, उरलेल्या आठांची वाढ दोन आणि थोडी. झटक्यांनीही पाय मोकळा होतो, अगदीच होत नाही असं नाही. मला ते आवडलं नाही, पण आकडा आला तो आला.

"महारुद्र," व्यंकटराव म्हणाले, "ठरल्याप्रमाणं बोल बाबा."

सरांचा चेहरा तांबडा झाला होता. "ही पेटी-बिटी काय खरी न्हाई. पोरंच कच्ची हायत आजकालची. माझी शीर बघा, बावन्न वय हाय माझं. माझ्या पद्धतीनं आत्ता तुमच्या समोर हिच्या सगळ्या पोरींच्या फुडं हात नेऊन दाखवतो."

त्यांनी बूट काढले आणि पेटीसमोर बसले. तासभर ते थंडीत एका जागी उभे होते. फेरी तर सोडाच, चहाचा कप घेऊनसुद्धा चार पावलं फिरले नव्हते. मला सगळं दिसत होतं. कोणत्या जागी फाटेल तेही बोट ठेवून सांगितलं असतं. 'सर, आधी दोन फेऱ्या मारा.' एवढं एक वाक्य. सहा आठवडे रोज ओरडून जिभेला त्याची सवय झाली होती, ते आपोआप ओठांपर्यंत आलं. निकिता माझ्या शेजारी उभी होती. तिनं माझ्याकडे बघितलं, मी बोलणार म्हणून.

मी तोंड मिटून घेतलं.

"या रे, बसा दोघंजण," सरांनी पोरांना हाक मारली. दोघं आली आणि पाठीवर रेटायला लागली. पहिला झटका, दुसरा. तिसऱ्याला आवाज आला. चार पावलांवरून मला तो स्पष्ट ऐकू आला, आणि खोटं कशाला बोलू, माझ्या छातीत गार वाटलं.

सर कुशीवर पडले. मांडीमागे हात, तोंड उघडं, आणि मग ते रडायला लागले. मोठ्यानं, हुंदके देत. पोरं जागच्या जागी उभी. त्यांनी सरांना असं कधी बघितलंच नव्हतं, त्यामुळे काय करावं हे कुणाला सुचेना. मागच्या रांगेतून एक पोरगा बोलला. कुत्सितपणे नाही, निव्वळ सवयीनं.

"सर नीलम झाले."

दोघं-तिघं हसली. बाकड्यावरून माझे वडील उठले. "नीलम?" त्यांनी शेजारच्या माणसाला विचारलं. "आमच्या नीलमला काय झालं?" त्या माणसानं त्यांना समजावून सांगितलं, नीलम म्हणजे काय ते. सांगताना तोही हसत होता. मी वडिलांचा चेहरा बघितला आणि माझं उरलंसुरलं भान सुटलं.

माझ्या प्रथमोपचाराच्या डब्यात बर्फाची पिशवी होती, ती मी प्रत्येक मोजणीला ठेवते. ती घेऊन मी सरांजवळ उकिडवी बसले. त्यांनी हात पुढे केला. मी पिशवी दिली नाही.

"सर, मी नीलम. नीलम सिद्धोधन वाव्हळे."

ते बघत राहिले. मग हळूहळू ओळख पटली. ती पटताना बघायला मला नऊ वर्षं लागली होती.

"लय दुखायलंय पोरी," ते म्हणाले. "आण तो बर्फ."

"माझंही असंच दुखत होतं. आधी बोला."

"अगं काय बोलू?"

"नीलम खोटं बोलत नव्हती. मोठ्यानं बोला, मागपर्यंत ऐकू गेलं पाहिजे."

"मॅडम," मागून निकिताचा आवाज आला, "बर्फ द्या ना आधी."

मी वळले नाही. सरांनी डोळे मिटले. घाम फुटला होता त्यांना त्या थंडीत. मग ते बोलले, रडत रडत, पण सगळ्या मैदानाला ऐकू गेलं. "नीलम खोटं बोलत नव्हती. मीच तोडला तिचा पाय." मी पिशवी त्यांच्या मांडीखाली नीट बसवली, पट्टी बांधली, गाडी बोलावली. सगळं पुस्तकाप्रमाणे केलं.

वडिलांना मी एसटी स्टँडवर सोडायला गेले. गाडी लागल्यावर ते म्हणाले, "मी तवा तुला तसं इचारायला नको हुतं." मी म्हटलं, "जाऊ द्या पप्पा." त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. ती दुपार मी आयुष्यातल्या चांगल्या दुपारींमध्ये धरते. महारुद्रच्या पायाचं मला तेव्हाही वाईट वाटलं नाही, आजही वाटत नाही.

सोमवारी निकिता नेहमीच्या वेळेला आली. दोन फेऱ्या मारून आली, चटई टाकली, पण झोपली नाही.

"मॅडम, एक इचारू? सर थंड अंगानं बसायलेत, तुमाला दिसत हुतं ना?"

"हो."

"काय हुईल ते बी म्हाईत हुतं?"

"होतं."

"मग बोलल्या कामून न्हाई?"

"मी कोण आहे ते कळलं ना तुला काल?"

"कळलं. तुमचं खरंच हुतं, मॅडम. मी तुमच्याच बाजूनं हाय." ती चटईवर बसली. "माझी भरती आठ दिवसांवर आलीय. घ्या, करू."

ती झोपली. मी तिचा पाय उचलून टाच खांद्यावर घेतली. "दाब." तिनं दाबलं, मी सहा मोजले. "सोड." पाय तिथंच राहिला. म्हटलं, थंडी आहे, होतं असं. पुन्हा दाब, पुन्हा सोड. माझ्या तळव्याखाली तिची मांडी लाकडासारखी कडक. तिसऱ्यांदा मी अगदी हळू आवाजात म्हटलं, "निकिता, मी ओढणार नाही. तू थांब म्हणालीस की थांबणार. सोड."

तिचे डोळे छताकडे होते आणि ते भरून आले होते.

"मी सोडायलेय मॅडम," ती म्हणाली. "पायच सोडंना."